डबे चुकलेला सिनेमा

परवा घरची मंडळी सिनेमाला गेली आणि तोंडं वाकडी करून परत आली. सून चपला काढता काढताच म्हणाली, "आई, इतका भिकार सिनेमा मी जन्मात पाहिला नाही." मुलगा म्हणाला, छे, याच्यावर ताण एक होता, तो कॉलेजात असताना लागला होता. मग दोघांची जुंपली. कुणाच्या सिनेमात नायक जास्त मठ्ठ आणि कुणाच्या सिनेमात गाणी जास्त रडकी, यावर चांगली अर्धा तास हुज्जत. मी खाली बसून गुळाची ढेप फोडत होते. गावाकडून नवा गूळ आला होता, आमच्या सांगलीच्या या दोन खोल्या त्याच्या वासानं भरल्या होत्या, आणि माझं निम्मं लक्ष त्या वासाकडंच होतं. "तुमचा कोणता हो, आई?" सुनेनं विचारलं. "सगळ्यात भिकार?"

मी म्हटलं, "माझा मी नऊ वेळा पाहिलाय."

दोघं हसली. म्हातारीला काही कळत नाही, अशी हसली. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, भिकार सिनेमा कुणी नऊ वेळा बघतं का? पण मी बघितला. आठ वेळा आमच्या गावी आणि एकदा साताऱ्याला. सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. ज्यांनी काढला तेही कुणाचे तरी आईबाप असतील, आता कशाला नावं ठेवायची.

लढाईची वर्षं होती आणि गुऱ्हाळाचे दिवस. आमचं गाव इस्लामपूरपासून चालत दोन तासांवर, कृष्णेच्या काठाला. थंडी पडली की मळ्यात उसाचा चरक बसायचा, बैल गोल गोल फिरायचे, आणि उजाडायच्या आत चुलवाणात चिपाडं सारायला सुरुवात व्हायची. काहिलीत रस उकळायला लागला की सगळ्या शिवाराला वास लागायचा. गूळ उतरवणारा गुळव्या त्या फेसाकडं असा टक लावून उभा असायचा की त्याला हाक मारायची कुणाची छाती होत नसे. मी सोळा वर्षांची होते, सातवीच्या परीक्षेला बसणार होते, आणि अभ्यासाच्या नावाखाली पुस्तक घेऊन चुलवाणाच्या उबेला बसायचे. काकवी सांडून इतिहासाच्या पुस्तकाची चार पानं कायमची एकमेकांना चिकटली. तेवढी राजघराणी मला आजतागायत येत नाहीत. पुढं मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण त्या चार पानांशी आलं की मी मुलांना चित्रं काढायला लावायची.

त्याच दिवसांत म्हसवडकडचे बिरूबाबा धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरायचे. तिकडं पाणी आटलेलं असायचं, आणि इकडं मोकळ्या रानात मेंढरं बसवली की रानाला खत व्हायचं. दोघांचीही सोय. बिरूबाबा संध्याकाळी गुऱ्हाळावर येऊन बसायचे, तळहातावर गरम गूळ घ्यायचे आणि भाजला तरी हूं की चूं करायचे नाहीत.

त्या वर्षी आणखी एक पाहुणा आला, तंबूतला सिनेमा. इस्लामपूरच्या बाजाराला तंबू लागायचा हे ऐकून होतो, पण आमच्या गावात पहिल्यांदाच. तीन बैलगाड्यांतून तंबूचं कापड, यंत्र आणि तेलावरचं इंजिन नीट पार झालं. चौथ्या गाडीत सिनेमाचे पत्र्याचे डबे होते, आणि नेमकी तीच नदीच्या उतारावर कलंडली. बारा डबे पाण्यात! गड्यांनी उड्या टाकून सगळे काढले. झाकणं घट्ट होती, आत थेंब शिरला नाही. पण वर खळीनं चिकटवलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या कृष्णामाईला अर्पण झाल्या. फिल्म जुनी, तुटून तुटून प्रत्येक तुकड्याचं तोंड गेलेलं, त्यामुळं आत बघूनही पहिला कोणता नि शेवटचा कोणता ते कळायला मार्ग नव्हता. यंत्र चालवणारा माणूस नवा, त्यानं तो सिनेमा कधी पाहिलेलाच नव्हता. त्यानं आपल्या अंदाजानं डबे लावले. अर्थात हे सगळं आम्हाला मागाहून समजलं. तंबू लागला तो आमच्याच पडीक रानात. हे ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता घरचं सांगते. माझा थोरला भाऊ, दादा, पलटणीत होता. आमच्या गावात त्याचं काही कौतुक नव्हतं, घरटी एक माणूस पलटणीत असायचाच. लग्न झालं आणि तीन महिन्यांत दादा गेला, तो ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी. आधी पत्रं यायची, मग थांबली. मग एक टाइप केलेला इंग्रजी कागद आला. मास्तरांनी तो वाचला, परत वाचला, आणि चष्मा पुसत सांगितलं, की लढाईनंतर हा शिपाई सापडलेला नाही. मेला असं लिहिलं नव्हतं. जिवंत आहे असंही नव्हतं.

माझी वैनी तेव्हा वीस वर्षांची असेल. नाव तानूबाई. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, म्हणजे माझी मैत्रीणच. धाकटे चुलते, तात्या, माझ्या वडलांना, आबांना म्हणाले, "आबा, करायचं ते करून टाकूया. मानसाला गती तरी मिळंल." आबा हातातली बैल हाकायची पराणी खाली न ठेवता म्हणाले, "सापडत न्हाई त्याची बारा वर्सं वाट बघत्यात. अजून धा हायती." आणि मळ्याकडं निघून गेले. पण गाव कुठं बारा वर्षं थांबतं? कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त हळदीकुंकवाची वाटी वैनीपाशी येईपर्यंत कुणाला तरी चुलीवरचं दूध आठवायचं. ओटी भरायला तिला बोलवायचं सगळ्यांच्या अगदी तोंडावर यायचं आणि राहून जायचं. आमची शेजारीण काशीकाकू, जिच्या घरचं मीठसुद्धा आमच्याकडून जायचं, तीही उंबऱ्याबाहेरूनच हाक मारून जायला लागली.

आणि आई. माझी आई जिभेची तिखट, पण या एका गोष्टीत तिच्या तोंडाला कुलूप. तिनं वैनीला बांगड्या काढ म्हटलं नाही, आणि घाल असंही कधी म्हटलं नाही. कासार दारावरून हाका मारत जायचा, ती त्याला थांबवायची नाही. चिपाडं उचलायची, शेणी थापायची, मोटेवर धुणं धुवायचं, बांगड्या काय जन्माला पुरतात? एकेक पिचत होती. त्या हिवाळ्यात वैनीच्या दोन हातांत मिळून पाच हिरव्या बांगड्या उरल्या होत्या, डाव्या हातात तीन आणि उजव्यात दोन. ती पदरानं मनगट झाकून भाकरी थापायची. मला ते बघवायचं नाही. मी रोज मोजायची. संक्रांत तोंडावर आली होती, बायका सुगडं घेऊन देवळात ववसायला, वाण द्यायला जाणार, आणि वैनीनं जायचं की नाही हे घरात कुणी कुणाला विचारत नव्हतं.

अशा वेळी तिला सिनेमाला न्यायची अक्कल मला सुचली. आई म्हणाली, "जावा. मी बी येती. घरात बसून तरी काय उजेड पाडायचाय."

दिवेलागणीला तंबू गच्च भरला. मधोमध कापडाचा आडपडदा लावलेला, अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. दर डब्यानंतर यंत्र थांबायचं आणि ग्यासबत्ती वर व्हायची, तेवढ्यात सगळ्या गावाला झाल्या गोष्टीवर मत द्यायची सवड मिळायची. सुरुवातच लग्नाच्या वरातीनं झाली. बरं वाटलं. नवरा देखणा होता, नवरीही काही वाईट नव्हती. मग दुसऱ्या डब्यात ते दोघं विहिरीवर भेटले आणि तो तिला लाजत लाजत विचारायला लागला, तुझं नाव काय?

"आरं लगीन झालंय की रं तुझं!" पुरुषांतून कुणीतरी ओरडलं. "आता कशाला नाव इचारतुयास?"

तिसऱ्या डब्यात तो नांगर धरून चालला, पायात चकचकीत बूट घालून. तंबूत असा हशा झाला की पुढचं गाणं कुणालाच ऐकू आलं नाही. नांगराचे बैल जाताना पांढरे होते, येताना त्यातला एक काळा झाला. नायिका एक कोकरू पोटाशी धरून पळाली आणि कोकराची आई तिच्या पुढं पळत होती. ग्यासबत्ती लागल्याबरोबर बिरूबाबांचा आवाज आला, "कोकरू उचाललं की आई म्हागं येती, म्होरं कशाला पळंल? ती त्याची आईच न्हवं." माझ्या आईला राग आला तो जात्याचा. ती बाई दळत होती आणि जातं उलटं फिरवत होती. "या बया!" आई म्हणाली. "हिच्या आयनं काय शिकीवलं हिला?"

मग लढाई सुरू झाली. आमच्यात एक पेन्शनीतले हवालदार होते, सगळे त्यांना हवालदार नानाच म्हणायचे. ते तोवर गप्प होते. नायक खंदकात उतरला आणि नाना उठून उभे राहिले. "पायाची पट्टी उलटी गुंडाळलीया त्येनं! ह्यो मरनार. लिवून घ्या माझ्याकडनं."

आणि मेला की तो. बंदूक छातीशी धरून, चांगलं लांबलचक भाषण करून मेला. पुरुषांत हसू, शिट्ट्या. पण आमच्या बाजूला कुणी हसेना. पुढच्या डब्यात त्याच्या घरी तार आली. त्याची बायको उंबऱ्यावर बसली आणि दगडावर हात आपटून तिनं बांगड्या फोडल्या. एकेक करून फोडल्या. काय दाखवायचं ते जवळून दाखवलं मेल्यांनी, अख्ख्या पडद्यावर नुसतं मनगट. माझ्या लक्षात आलं, की तंबूतल्या सगळ्या बायका पडद्याकडं बघत नाहीत, वैनीकडं बघताहेत. वैनीनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. मला इतकी लाज वाटली स्वतःची! मीच आणलं होतं तिला. आईनं आपला पदर उचलला आणि वैनीच्या डोक्यावरून पुढं ओढला, लहान पोराला वाऱ्यातून नेताना ओढतात तसा.

उठून जावं म्हणून मी पाय सावरले, तर शेवटचा डबा लागला. आगगाडीची शिट्टी झाली. धुरातून गाडी आली, आणि गाडीतून लोखंडी ट्रंक घेऊन तो उतरला.

मग नाना ओरडले, "आरं, ह्यो मेला हुता की!"

पण तो आपला चालतच राहिला. पाणंदीनं आला, नदी ओलांडली, दारात उभा राहिला. म्हातारीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आतून बायको आली, अंगावर हिरवं लुगडं आणि कोपरापर्यंत बांगड्या. त्यानं ट्रंक खाली ठेवली, हसला, आणि पडदा पांढरा झाला. संपला सिनेमा.

वैनीनं पदर मागं सारला होता. माझं मनगट घट्ट धरून ती म्हणाली, "आलं की गं."

पुरुषांनी त्या रात्री नुसता धिंगाणा घातला. असला भिकार सिनेमा जगाच्या पाठीवर नाही. आधी लगीन, मग वळख, मग मरण, आणि मेल्यावर रजा! दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर दुसरा विषय नव्हता. बूट, बैल, कोकरू, जातं, पट्टी, ज्याचं जे काम त्याला त्यातली चूक दिसलेली. एवढी माणसं एकाच गोष्टीला नावं ठेवताना इतकी खुशीत असलेली मी नंतर कधी बघितली नाही. गुळव्यासुद्धा काहिलीवरून मान वर करून हसला, आणि त्या दिवसाचा गूळ जरा करपला. मास्तर मात्र सकाळीच तंबूत जाऊन बसले होते. डबे चुकलेत हे त्यांनी ओळखलं, मॅनेजरबरोबर बसून कथा जुळवली आणि डब्यांवर खडूनं नवे आकडे घातले. नायक मरणाआधी रजेवर घरी येतो, तो डबा शेवटी लागला होता. दुपारी दवंडी फिरली, आज खेळ सरळ होणार, होऽऽ!

दवंडी ऐकली तेव्हा आई रस गाळत होती. तिनं हात धुतले, काकवीचं एक मडकं उचललं आणि मला म्हणाली, "चल."

मॅनेजर तंबूच्या दारात खुर्ची टाकून दाढी करत होता. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आवं म्यानेजर, आज काय दावनार?"

"तोच सिनेमा, बाई. पण आज बरोबर दाखवणार."

"बरोबर म्हंजी कसं?"

"म्हणजे आधी भेट, मग लग्न. मग तो पलटणीत जातो, एकदा रजेवर येऊन जातो, आणि शेवटी मरतो."

"म्हंजी आल्याला मानूस परत जातुया आन् मरतुया."

"हो."

"तसं न्हाई दावायचं. काल दावलासा तसंच दावा."

मॅनेजरचा वस्तरा गालावरच थांबला. "बाई, काल चूक झाली होती."

"मग तीच करा."

तो हसायला गेला, पण आईचा चेहरा बघून त्याचं हसू जिरलं. "अहो, लोक शिव्या घालतात मला. आणि हा सिनेमा आहे, खोटं असतं ते सगळं. त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"खोटंच हाय न्हवं?" आई म्हणाली. "मग आमच्या मनासारकं खोटं दावा की. ह्या गावात घरटी एक मानूस पलटणीत हाय. परवाच्याला संक्रांत हाय. बायकास्नी त्यो मेल्याला दावून घरी धाडनार व्हय तुमी? घरी जाऊन सुगडं कशी पुजायची आमी?"

मॅनेजर काहीतरी पुटपुटला. आईनं मडकं त्याच्या खुर्चीपाशी ठेवलं. "ही काकवी घ्या, ताजी हाय. आन् तंबू कुनाच्या रानात हुबा हाय ते बी इचारून घ्या कुनाला तरी."

मागं वळून बघते तर काशीकाकू उभी. तिच्या मागं आणखी सात-आठ जणी, कुणी कडेवर पोर घेतलेली, कुणी डोक्यावरची पाटीसुद्धा न उतरवता आलेली. त्यांनाही दवंडी ऐकू आली होती. काशीकाकूचा एकुलता एक मुलगाही तिकडंच होता. ती मॅनेजरला काहीच बोलली नाही, नुसती उभी राहिली. मॅनेजरनं साबणाच्या तोंडानं हाक मारली, "अरे, ते आकडे पुसा!"

परत येताना आई भराभरा चालत होती. मी म्हटलं, आई, पण खरा सिनेमा तसा नाही ना. ती थांबली. तिचे डोळे भरलेले मी जन्मात त्या एकाच दिवशी पाहिले. "मला काय करायचाय खरा सिनेमा?" ती म्हणाली. "माझं लेकरू कुठं हाय ते म्हाईत न्हाई. मी त्याला मेल्याला बघून घरी येनार न्हाई. एकदा न्हाई आन् धा येळा न्हाई." मग नाक शिंकरून म्हणाली, "आन् त्या बाईला जातं फिरवाय शिकवा म्हनावं."

तंबू आमच्या गावात आठ दिवस होता आणि आठही दिवस सिनेमा उलटाच लागला. गंमत अशी, की नावं ठेवणारे सगळे पुरुष रोज येत होते. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तो पाठ झाला. नायकाला गोळी लागली की नाना म्हणायचे, "पडू द्या, पडू द्या. येतुया त्यो." बिरूबाबांनी मेंढरांचा तळ हलवायचा दिवस चारदा पुढं ढकलला, का म्हणून विचारलं तर म्हणायचे, रान अजून खतलं न्हाई. बांगड्या फोडायचा डबा आला की बायकांच्या बाजूला बोलणी सुरू व्हायची, भाजी काय केली, रेडकू कितीचं झालं, पडद्याकडं कुणी म्हणून बघायचं नाही. आणि आगगाडीची शिट्टी झाली की एकदम चिडीचूप. पाचव्या दिवशी यंत्रवाल्यानं ते बांगड्यांचं रीळ लावायचंच टाळलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तोही कुणाचा तरी मुलगा होता, दुसरं काय!

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या खेळानंतरची सकाळ. भोगीचा दिवस. कासार गल्लीतून ओरडत चालला होता आणि आईनं उंबऱ्यातून हाक मारली, "कासारमामा, इकडं या!" वैनी चुलीपाशी होती. आईनं तिला दंडाला धरून ओसरीवर आणून बसवलं. पाच बांगड्यांचे ते हात कासारापुढं धरले आणि म्हणाली, "भरा. हिरव्या. कोपरापतूर भरा." कासार एकेक बांगडी दाबून चढवत होता, वैनी खाली मान घालून बसली होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळून कासाराच्या हातावर पडत होतं. तो बिचारा हात पुसून पुढची बांगडी घ्यायचा. तात्या अंगणात उभे होते, त्यांनी अडवलं नाही. थोड्या वेळानं काशीकाकू आली, बऱ्याच महिन्यांनी उंबरा ओलांडून आत आली, आणि म्हणाली, "तानू, उद्या देवळात जाताना मला हाक मार गं. संगट जाऊ." संक्रांतीला वैनी सुगडं घेऊन निघाली तेव्हा बांगड्यांचा आवाज चुलवाणापर्यंत आला. मी पुस्तक मिटून ऐकत बसले.

मी परीक्षा पास झाले आणि शिकवण्याचं शिक्षण घ्यायला साताऱ्याला गेले. तिथं थेटर पक्कं होतं, खुर्च्या होत्या, मध्ये आडपडदा नव्हता. पावसाळा संपता संपता तोच सिनेमा लागला. मैत्रिणी निघाल्या, मीही गेले. सरळ बघितला. सांगायला हरकत नाही, सरळ बघितल्यावर तो तितका वाईट नव्हता. बूट होते, जातं उलटंच होतं, पण कथा मात्र धड होती. तो रजेवर आला, ट्रंक ठेवून हसला. आणि मला कळलं, की अजून डबे उरलेत. तो परत गेला. मेला. बांगड्या फुटल्या. आणि मग काहीच आलं नाही, पडद्यावर 'समाप्त' एवढंच आलं. मैत्रिणी हुंदके देत म्हणत होत्या, काय सुंदर सिनेमा! मी वसतिगृहात येऊन पांघरूण ओढून निजले. घरी लिहिलेल्या पत्रात त्याचं अक्षरही घातलं नाही. दादाचा तेव्हाही पत्ता नव्हता, आणि मला वाटत राहिलं, की मी ते शेवटपर्यंत बसून बघितलं, म्हणजे माझ्या हातून काहीतरी वाईट झालं. आजही मला कुणी सगळ्यात भिकार सिनेमा विचारला तर तो हा, साताऱ्याचा. आमच्या तंबूतला नव्हे.

लढाई संपल्यावर, पुन्हा गुऱ्हाळं लागली तेव्हा, एके दिवशी दुपारी पाणंदीनं एक माणूस आला. ट्रंकबिंक काही नव्हती, हातात एक गाठोडं. इतका वाळलेला, की बैलांच्या मागं चाललेल्या आबांनी त्याला पाव्हणं म्हणून हाक मारली. दादा जपान्यांच्या कैदेत होता. आईनं भाकरतुकडा ओवाळला तो इतक्या लांब फेकला, की तो काहिलीत पडला असता. मी सुट्टीला घरीच होते. संध्याकाळी ओसरीवर पानं मांडली. दादाला काय बोलावं सुचेना, आम्हालाही सुचेना. म्हणून मीच आपली तंबूची गोष्ट काढली. बूट सांगितले, काळापांढरा बैल सांगितला, नानांची पट्टी सांगितली. दादा हसायला लागला. ते हसू दादाचंच होतं, तेव्हा मला खात्री पटली की आलाय तो दादाच आहे.

"आन् मग?" त्यानं विचारलं.

पुढचं माझ्या तोंडून निघेना. वैनी तव्यावरची भाकरी घेऊन आली होती. तिनंच सांगितलं, ताटात वाढता वाढता. "मग त्येला गोळी लागली. मेला त्यो. घरी तार बी आली. आन् मग त्यो गाडीतनं उतरला, नदी वलांडून घरी आला."

"भिकारच की सिनेमा," दादा म्हणाला. "मेल्यालं मानूस परत कसं यील?"

वैनी ओणवी होती ती तशीच राहिली. हातातल्या बांगड्या ताटाच्या काठाला लागून वाजल्या.

"आवं, मला काय इचारता?" ती म्हणाली. "कसं आलासा, ते तुमीच सांगा."

दादाचा हात घासावर थांबला. आई चुलीकडं तोंड करून बसली होती, ती वळली नाही. मग दादानं ताट पुढं सरकवलं.

"वाढ आनखी एक," तो म्हणाला.